घरी बसून प्रपोजल लिहिताना: पहिल्या नकारापासून पहिल्या हप्त्यापर्यंत

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमचा छापखाना बंद झाला. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी १७ वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतपेढ्यांचे आणि संस्थांचे वार्षिक अहवाल. मालकांनी सगळ्यांचा हिशेब चोख दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच महिन्यात सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि भांडुपहून रोज लोकल पकडून कुठेतरी आठ-नऊ तास बसणं मला शक्यच राहिलं नाही. काम हवं होतं, पण घरातून होईल असं. आज दोन वर्षांनी मी दोन सामाजिक संस्थांसाठी प्रपोजलं, म्हणजे निधी मागणारे अर्ज, लिहिते, घरच्याच टेबलावरून. मधली वाट कुणी सांगितली असती तर निदान सहा महिने वाचले असते, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

सुरुवात एका फोनने झाली. गोवंडीची एक संस्था दरवर्षी आमच्याकडून अहवाल छापून घ्यायची. शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या वस्तीत त्यांच्या संध्याकाळच्या अभ्यासिका चालतात. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ताईंचा फोन आला. "अहो, आमचे जुने अहवाल तुमच्याकडे असतील का? एका कंपनीने मागितलेत, आणि आमच्याकडच्या फायली उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतायत."

ते श्री-लिपीतलं काम. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर नसतो तिथे असंच दिसतं. मी १२ वर्षांचे अहवाल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशा मराठीत, आणून दिले. कन्व्हर्टर असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, ती डोळ्यांनीच वाचून दुरुस्त करावी लागते. आठवडा गेला. काम बघून ताई म्हणाल्या, "आता प्रपोजलही तुम्हीच लिहून द्या ना." मी स्वच्छ सांगितलं, मी मराठी माध्यमातली, इंग्रजी टाइप करता येतं पण स्वतःचं लिहायची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "आमचीही तीच गत. मिळून करू." महिना ३,००० रुपये मानधन ठरलं. यांनी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला लॅपटॉप आणला, १८,५०० रुपयांना. घरी एकच खोली आणि स्वयंपाकघर, त्यामुळे टेबल सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी लागलं. ते अजून तिथेच आहे.

मला वाटलं होतं, प्रपोजल म्हणजे चार पानं चांगला मजकूर. पहिले दोन महिने मी एक ओळही लिहिली नाही. गेले ते सगळे कागदांत.

संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं की कंपन्यांना कायद्यानेच पैसे द्यावे लागतात, तेव्हा देतीलच. अर्धं बरोबर होतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. यालाच सीएसआर म्हणतात. कामं कोणती, हे कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये दिलंय. पण कंपनी ते पैसे कुणालाही देऊ शकत नाही. संस्थेकडे १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकराच्या नोंदण्या हव्यात, तीन वर्षं तशाच कामाचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी मंत्रालयाकडून नोंदणी क्रमांक घेतलेला हवा. आमच्या संस्थेकडे बाकी सगळं होतं, सीएसआर-१ नव्हता.

फॉर्मला फी नाही. एका विश्वस्ताची डिजिटल सही लागते आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीएने किंवा कंपनी सेक्रेटरीने तो प्रमाणित करावा लागतो. डिजिटल सहीला टोकनसकट १,६०० रुपये गेले. पण फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं की नोंदणी प्रमाणपत्रावर संस्थेच्या नावात शेवटी "न्यास" आहे आणि पॅन कार्डावर तो शब्दच नाही. कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी फॉर्म भरताना गाळलेला. एका शब्दासाठी सगळं थांबलं. ९ फेब्रुवारीला पॅन दुरुस्तीचा अर्ज केला, १०७ रुपये भरले, २ मार्चला नवं कार्ड आलं. सीएसआर क्रमांक मिळायला २४ मार्च उजाडला.

म्हणून कुठल्याही संस्थेचं काम घेताना मी आता पहिल्या दिवशी एकच गोष्ट करते. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए, ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंद आणि बँकेचा रद्द केलेला चेक, हे सगळं समोर ठेवून संस्थेचं नाव अक्षर अन् अक्षर लावून बघते. छापखान्यात प्रूफ वाचायची सवय होती, तीच इथे कामाला आली.

स्कॅनिंगचंही सांगते, कारण यात माणसं फार दमतात. ट्रस्ट डीडची ४१ पानं कुणीतरी मोबाइलवर रंगीत फोटो काढून ठेवली होती, फाइल ३८ एमबी. आमच्या अर्जाचं पोर्टल ५ एमबीच्या वर घेत नव्हतं. १५० डीपीआयवर काळं-पांढरं स्कॅन केलं की अडीच-तीन एमबीत बसतं आणि शिक्काही वाचता येतो. फायलींची नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, शेवटी वर्ष. "फायनल", "फायनल-२" अशी नावं ठेवू नका.

२८ एप्रिल २०२३ ला पहिलं प्रपोजल गेलं. आम्ही १० कॉम्प्युटर मागितले होते. का, तर कंपन्यांना कॉम्प्युटर आवडतात असं सगळे म्हणत होते. मी रात्री जागून इंग्रजी लिहिलं. शब्दकोश उघडून मोठमोठे शब्द घातले. २६ जूनला नकार आला. बहुतेक ठिकाणांहून नुसतंच "खेद आहे" येतं, पण या कंपनीच्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मजकुरात आठ शिक्षिका आणि बजेटमध्ये नऊ कशा? आणि रोज दोन तास चालणाऱ्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर नेमके कोण, कधी वापरणार? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. प्रश्न रास्त होते आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मी तोवर अभ्यासिका एकदाही पाहिली नव्हती. सगळं फोनवर ऐकून लिहिलेलं.

आकड्यांची चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी एक पद्धत लावून घेतली. एका एक्सेल फाइलच्या पहिल्या शीटवर मूळ आकडे: किती मुलं, किती ताया (शिक्षिका), किती महिने, मानधन किती. बजेटचा प्रत्येक कप्पा तिथूनच आकडा उचलतो, हाताने कुठेही टाइप करायचं नाही. मजकूर लिहून झाला की त्यातला प्रत्येक आकडा पेन्सिलने गोल करून पहिल्या शीटशी ताडते. अर्धा तास लागतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी गोवंडीला जावं लागलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नणंदेला सासूबाईंपाशी बसवून गेले. भांडुप ते कुर्ला, कुर्ल्याला हार्बर, मग गोवंडी स्टेशनहून शेअर रिक्षा. अभ्यासिका म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली पोटमाळ्यावरची खोली, लोखंडी शिडीने वर जायचं. ३० मुलं चटईवर, दोन पंखे, त्यातला एक बंद. ताईंनी हजेरीच्या वह्या समोर ठेवल्या. लांब, कापडी पुठ्ठ्याच्या, कडा घामाने मऊ झालेल्या. हजर मुलांपुढे टिंब, गैरहजर मुलांपुढे फुली, आणि बऱ्याच फुल्यांच्या शेजारी इवल्याशा अक्षरात "पा."

"पा. म्हणजे काय हो ताई?"

"पाणी. आमच्या गल्लीत पाच-साडेपाचला येतं. मुली हंडे घेऊन रांगेत असतात. त्या नाही आल्या की मी लिहून ठेवते. उगाच, आपली आठवण म्हणून."

अभ्यासिकेची वेळ होती पाच ते सात.

जानेवारी ते एप्रिलच्या वह्यांचे मी मोबाइलवर फोटो काढले आणि घरी येऊन नऊ दिवस ते सगळं एक्सेलमध्ये भरलं: तारीख, मूल, मुलगा की मुलगी, इयत्ता, कारण. कारणाच्या रकान्याला ड्रॉपडाऊन लावला म्हणजे "पा", "पा.", "पाणी" अशी तीन रूपं होत नाहीत. मग पिव्होट टेबल, म्हणजे कारणवार मोजणी. मुलींच्या गैरहजेरीत निम्म्याहून जास्त वेळा कारण पाणी होतं. मुलांच्या बाबतीत ते क्वचित दिसत होतं. पाचवी ते आठवीच्या मुलींचा रकाना तर भरलेलाच. मी स्क्रीनकडे बघत बसले. आम्ही कॉम्प्युटर मागत होतो, आणि मुलींना हवे होते पाणी भरून झाल्यानंतरचे दोन तास. ताईंनी हे वर्षभर टिपून ठेवलं होतं, फक्त ते कुणी मोजलं नव्हतं.

त्या रात्री मी ताईंना फोन केला आणि आम्ही प्रपोजल नव्याने मांडलं. पावणेसात ते पावणेनऊची दुसरी बॅच, दोन जादा ताया, रात्री मुलींना गल्लीपर्यंत सोडायची जबाबदारी कुणाची तेही ठरवून, खोलीचं भाडं, पंखे आणि वीजबिल. वर्षाचे एकूण ६ लाख. कॉम्प्युटर एकही नाही.

इथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगते. ऑगस्टमध्ये एका परदेशी फाउंडेशनची जाहिरात दिसली, विषय अगदी आमचाच. ११ दिवस खपून अर्ज तयार केला. शेवटच्या पानावर एफसीआरए क्रमांक विचारला होता. संस्थेकडे तो नाही. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी लागते, तिला साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेली हवी. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. दुसऱ्या संस्थेच्या एफसीआरएवरून पैसे वळवून घेणंही तेव्हापासून बंद आहे. तेव्हा अर्ज शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. पात्रता आधी, प्रश्न मग.

मग मी कंपन्या शोधण्याची पद्धत बदलली. ईमेल पत्त्यांची यादी विकत मिळते, ती घेऊ नका. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कामाला, कुठल्या संस्थेमार्फत किती पैसे दिले, हे बऱ्याच अहवालांत सापडतं, आणि तो अहवाल वेबसाइटवर मोफत मिळतो. मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीवार खर्च बघता येतो. मी मुंबईत शिक्षणावर खर्च करणाऱ्या ४० कंपन्यांची शीट केली. पाच-सात लाखांची छोटी कामं घेणाऱ्या त्यातल्या ११ उरल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये सहा ठिकाणी अर्ज गेले.

इंग्रजीची भीतीही याच काळात कमी झाली. मी आधी सगळं मराठीत लिहिते, जसं शेजारणीला सांगेन तसं, आणि मग एकेक वाक्य इंग्रजीत नेते. एका वाक्यात एकच गोष्ट. मोठे शब्द काढून टाकले. मुलगी दहावीत आहे, ती वाचते; तिला जे कळलं नाही ते पुन्हा लिहायचं. ताईंशी गूगल डॉक्सवर काम चालतं, त्या सजेशन मोडमध्ये मराठीतच शेरे टाकतात. गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व वॉर्डाबद्दल लिहिताना मी २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालातला ०.०५ हा मानव विकास निर्देशांक दिला, शहरातला सगळ्यात खालचा. पण साल लिहूनच, कारण आकडा जुना आहे. आणि त्याच्या लगेच खाली आमच्या वहीतला या वर्षीचा हिशेब.

अक्षरमर्यादेचं एक. बहुतेक पोर्टलवर उत्तर १,००० किंवा १,५०० कॅरेक्टरमध्ये मागतात, जागा धरून. एक्सेलमध्ये लेन हे सूत्र लावलं की मोजून मिळतं. मुंबईतल्या एका धर्मादाय ट्रस्टचा फॉर्म मराठीत भरायची मुभा होती. मी आनंदाने भरायला घेतला, तर मजकूर अर्ध्यातच तुटला. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "क्षि" हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, पोर्टलला चार. मराठीत भरायचं असेल तर त्या हिशेबानेच लिहा. आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका. तो फॉर्म भरताना आमच्याकडे तीन तास वीज नव्हती, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाठवला. तेव्हापासून माझी तारीख दोन दिवस आधीची असते.

सहापैकी तिघांचं उत्तरच आलं नाही. दोन नकार. एका कंपनीच्या बाई १५ फेब्रुवारी २०२४ ला अभ्यासिका बघायला आल्या. मी मुद्दाम सादरीकरण केलं नाही, ताईंनाही सांगितलं की वही समोर ठेवा आणि जे आहे ते बोला. बाई चटईवर बसल्या, वही चाळली आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, "पा. म्हणजे?" उत्तर सातवीतल्या एका मुलीनेच दिलं. रांगेत तिचा नंबर कितवा असतो, हंडे किती, घरी पोचायला किती वाजतात. माझ्या चार पानांत एवढं नेमकं काही नव्हतं.

मार्चमध्ये कागदांची दुसरी फेरी झाली: तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयटीआर-७ (संस्थेचं आयकर विवरणपत्र), विश्वस्तांची यादी, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा. एक विश्वस्त २०२१ मध्ये वारले होते आणि संस्थेने चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतला बदल कळवणारा अर्ज, दिलाच नव्हता. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. वकिलांमार्फत वरळीला धर्मादाय आयुक्त कार्यालयात विलंबमाफीच्या अर्जासह दाखल केला, त्याची पोच आणि विश्वस्तांचा ठराव कंपनीला पाठवला. कंपनीने ते मान्य केलं. २४ एप्रिलला मंजुरी, १५ मेला करार. ११ जून २०२४ ला मंगळवारी दुपारी पहिला हप्ता आला, ४० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. ताईंनी बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवला. मी तेव्हा सासूबाईंना औषध देत होते. त्यांनाच आधी सांगितलं.

पैशाबद्दल, कारण हे मला सगळेच विचारतात. एप्रिल २०२३ पासून माझं मानधन महिना ८,००० झालं, कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापून हातात ७,२००. वर्षाचे कापलेले ९,६०० रुपये २६एएस या करकपातीच्या पत्रकात दिसले; जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरलं आणि ऑगस्टमध्ये परत आले. कुठला आयटीआर फॉर्म ते सीएला विचारून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने सांगितलं की महिन्याचं काही नाही, पण जो निधी आणाल त्याचे १० टक्के तुमचे. ६ लाखांवर ६० हजार. त्या वेळी घरात गरज होती आणि मी दोन दिवस विचार केला. मग नाही म्हटलं. निधी उभारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या, आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे, ते मी वाचलं होतं. पण त्याहून साधं कारण म्हणजे बजेटच्या कुठल्या ओळीतून ते ६० हजार काढणार? ताईंच्या मानधनातून की पंख्यातून? मी त्यांना तसंच विचारलं. ते महिना ६,००० वर तयार झाले आणि अजून काम चालू आहे. काम किती तासांचं, किती अर्ज, नकार आला तरी मानधन मिळणार, हे पहिल्या दिवशी लेखी घ्या. ईमेलवरची दोन पानंसुद्धा पुरतात.

सप्टेंबरअखेरचा पहिला अहवाल ऑक्टोबरमध्ये गेला. विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं), बिलांच्या प्रती, हजेरी. दुसऱ्या बॅचला २६ मुली येतात. वहीत अजूनही कुठे कुठे "पा." दिसतं, कारण डिसेंबरनंतर पाण्याची वेळ पुढे-मागे होते म्हणे. ताई तो रकाना आता छापूनच घेणार आहेत. मला डिझाइन करून मागितलंय, ए-४ आडवं, ओळींमध्ये जरा जास्त जागा ठेवून. येत्या गुरुवारी बिलं ताडायला गोवंडीला जायचंय, तेव्हा नमुना बरोबर नेईन.